अकरा मिनिटांचं बोलणं

कापड गिरणीत एकतीस वर्षं काढल्यावर आईच्या कानांत ऐकायची ताकद फारशी उरली नव्हती. एका शेडमध्ये दोनशे माग एकाच वेळी धडधडायचे. तिथे ओरडून उपयोग नसायचा, म्हणून बायका ओठ हलवून बोलायच्या आणि एकमेकींचे ओठ वाचायच्या. आईचा त्यात हातखंडा होता. दोन रांगा पलीकडे मुकादम कुणाबद्दल काय बोलतोय ते ती अक्षरन् अक्षर सांगायची. बरोबरच्या बायकांनी तिचं नाव ‘तोंडपाठ’ ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर ती धाकट्या मुलाकडे राहत होती. घराला तिची सवय होती. काही सांगायचं असलं की खांद्याला हात लावायचा, समोर यायचं आणि नेहमीच्या आवाजात बोलायचं. सूनसुद्धा कणकेचे हात घेऊन दारात येऊन उभी राहायची. लांबच्या शहरातली थोरली मुलगी रविवारी फोनच्या पडद्यावर तोंड दाखवून बोलायची. तासभर बोलणं व्हायचं आणि आईचा एकही शब्द सुटायचा नाही.

पण थोरलीला वाटलं, आईनं असं किती दिवस काढायचे? तिनं नवी कानातली यंत्रं घ्यायला लावली. वाटाण्याएवढी होती. गोंगाटातून माणसाचा आवाज स्वतःच निवडून काढायची. फोनला जोडता यायची, आणि दिवसाला किती तास वापरली, भोवती किती वेळ बोलणं होतं, किती वेळ शांतता होती, याचा हिशोब आपोआप थोरलीच्या फोनवर जायचा. बसवून देणारी कानाची डॉक्टर तरुण आणि शांत होती. ती आईसमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “आवाज लगेच येईल. शब्द यायला वेळ लागेल. तुमच्या मेंदूची सवय मोडली आहे. घरच्यांनी भरपूर बोलायला हवं, समोर बसून.”

शेवटचं वाक्य मुलाच्या लक्षात राहिलं नाही.

पहिला आठवडा आई हरखून गेली होती. तिला स्वतःच्या चपला ऐकू आल्या, कागदाची घडी ऐकू आली. मुलाचा आवाज थेट त्याच्या वडिलांसारखा निघाला. ते ऐकून तिनं त्याला पुन्हा बोलायला लावलं.

मग हळूहळू घरातली तोंडं वळली. मुलगा न्हाणीघरातून बोलू लागला. सून ओट्याकडे तोंड करून बोलायची. आईपर्यंत आवाज यायचा, पण नुसता आवाज. भिंतीपलीकडे कुणी फर्निचर सरकवावं तसा. ती “काय?” म्हणाली की सून म्हणायची, “आता तर मशीन आहे ना? मग?” दुसऱ्यांदा विचारायची आईला लाज वाटायची. थोरलीनंही पडदा सोडला. गाडी चालवताना साधा फोन करायची. आवाज थेट यंत्रात पडतो म्हणून तिला फार कौतुक होतं. आई ‘हो, हो’ म्हणायची आणि मध्येच अंदाजानं हसायची.

तिसऱ्या महिन्यात तिनं यंत्रं काढून ठेवायला सुरुवात केली. पहिल्याच संध्याकाळी थोरलीचा भावाला फोन आला. “आज फक्त दोन तास लावली होती. तुझं लक्ष कुठे असतं?”

मुलगा तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. “मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे,” तो म्हणाला. डॉक्टरनं यंत्रं संगणकाला जोडली, बराच वेळ पाहिलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

“यंत्र उत्तम चाललंय. यांच्या आसपास दिवसाला सरासरी अकरा मिनिटं बोलणं झालंय. बाकी शांतता, नाहीतर भांडी.”

“आम्ही सगळे एकाच घरात असतो,” मुलगा म्हणाला.

“असाल,” डॉक्टर म्हणाली.

आईनं दोघांचे ओठ वाचले आणि खाली मान घातली. जणू तिचीच चोरी पकडली होती.

पुढचे चार दिवस घरात बोलण्याची मात्रा सुरू झाली. सुनेनं फोनवर गजर लावला. तो वाजला की ती समोर येऊन बसायची आणि मोठ्यानं म्हणायची, “आई, आज मंगळवार. आज ऊन आहे.” आई म्हणायची, “आहे खरं.” मग दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या. पाचव्या दिवशी गजर वाजला आणि सुनेनं तो बंद केला. आईलाही सुटल्यासारखं वाटलं.

पण थोरलीची बोलणी थांबेनात. तेव्हा आईनं स्वतःच तोड काढली. सकाळी सगळे कामावर गेले की ती यंत्रं कानांतून काढायची, कानाबाहेर ती शिट्टी मारतात म्हणून लोकरीच्या टोपीत गुंडाळायची आणि रेडिओसमोर ठेवायची. रेडिओवर दिवसभर कुणी ना कुणी बोलत असे. संध्याकाळी सगळे परतायची वेळ झाली की यंत्रं परत कानांत. हिशोब सुधारला. बोलणं सात तास. थोरलीनं भावाला कळवलं, “बघ, जिद्द धरली की सगळं होतं.” डॉक्टरकडची पुढची तपासणी तिनंच रद्द केली. आता गरज नव्हती.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मुलाची बदली झाली. त्यानंतर एका संध्याकाळी थोरलीचा आईला फोन आला. बरीच बोलली. आवाज वर गेला, खाली आला, एकदा भरूनही आला. आईला वाटलं, ऑफिसातलं काहीतरी असेल. ती म्हणाली, “हो गं. तुम्हाला योग्य वाटतं तसं करा.”

आठवड्यानं सून आईच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवायला बसली. आईनं विचारलं, “या कशाला?”

सून गोंधळली. “तिकडे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात ना. म्हणून.”

संध्याकाळी मुलाला तिनं समोर बसवलं. “तिकडे म्हणजे कुठे?”

“अगं, ज्येष्ठांचा निवास. तू ताईला हो म्हणालीस. नव्या गावी दोन खोल्यांत आम्हीच कसे मावणार? आणि तिथे तुझ्या वयाची माणसं आहेत, बोलायला मिळेल. डॉक्टरच म्हणाली होती ना, बोलणं कमी पडतं.”

“मी काही ऐकलं नाही त्या फोनवर,” आई म्हणाली. “आवाज आला. शब्द एक कळला नाही.”

“आई, असं काय करतेस? रोज सात तास ऐकतेस. ताईकडे सगळं येतं.”

मग आईनं टोपी आणि रेडिओचं सांगितलं. सांगताना एकदाही अडखळली नाही. मुलगा ऐकत राहिला. त्याच्या तोंडावर आधी हसू आलं, मग ते गेलं.

“तू का नाही विचारलंस मला?” ती म्हणाली. “एका घरात राहतो आपण. चार पावलांवर बसते मी.”

तो खिडकीकडे वळून काहीतरी बोलला.

“इकडे बघून बोल.”

तो वळला. तिनं त्याचे ओठ वाचले. “धीर झाला नाही. फोनवर सोपं जाईल, असं ताई म्हणाली.”

मग तो म्हणाला, या वेळी नीट तिच्या समोर बसून, एकेक शब्द सुटा करून, “खोलीचं नक्की झालंय आई. इथलं घरही सोडायचंय या महिनाअखेर. आणि ते रेडिओचं ताईला सांगू नकोस. तिला फार लागेल.”

“नाही सांगत,” आई म्हणाली.

सोमवारी गाडी आली. सुनेनं बॅग उचलली, मुलगा ड्रायव्हरशेजारी बसला. रस्ताभर तो पुढे तोंड करून बोलत होता. खूप बोलत होता, हातवारे करत. आई मागच्या सीटवर बसून त्याच्या मानेकडे पाहत राहिली आणि तो थांबला की दर वेळी “हो” म्हणाली.