मकबूल मिस्त्रींच्या भिंतीतला बोल्ट

भिंतींना आत्मा असतो. निदान आमच्या विश्रांतवाडीतल्या मकबूल मिस्त्रींच्या न्हाणीघराच्या भिंतीला तरी होता, आणि त्याला ड्रिल मशीन मानवत नसे.

मिस्त्री आता हयात नाहीत. निम्म्या पुण्याच्या भिंती त्यांनी उभ्या केल्या आणि स्वतःचं घर सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हातानं बांधलं. त्या घरात खिळा ठोकायला मनाई होती. कॅलेंडर खुर्चीवर टेकवून ठेवलेलं असे. कुणी हातोडी उचललीच तर मिस्त्री तोंडातली विडी न काढता नाकातून फक्त "हं" म्हणत. तेवढ्यावर हातोडी पिशवीत जाई.

यंदा त्यांच्या पत्नी अख्तरबानू न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलगा मैनुद्दीन खराडीला चौदाव्या मजल्यावर राहतो. तो त्यांना न्यायला आला, तर त्या निघेनात. शेजारी या नात्यानं मी समजूत घालायला गेलो.

"हे इथंच असतात," त्या म्हणाल्या. "लिफ्टमध्ये जिवंतपणी पाऊल ठेवलं नाही त्यांनी. आता कुठले येतात?"

शेवटी तोडगा निघाला. न्हाणीत धरायला स्टीलचा दांडा बसवायचा आणि मैनुद्दीननं त्याला लोंबकळून बघायचं. टिकला तर अम्मी इथं, नाहीतर खराडी.

धानोरीचा बजरंग फिटर आला. त्याचा सगळा अनुभव टॉवरांतल्या काँक्रीटचा. बोल्टाची नळी आत फुलते आणि भिंतीला घट्ट धरते, असं त्यानं मला समजावलं. मग भोक पाडलं, बोल्ट ठोकला, पाना फिरवला. नट फिरतच राहिला आणि बोल्ट अलगद त्याच्या हातात आला. मागोमाग भोकातून गार हवा आली. तिला विडीचा वास होता. मग भिंतीच्या आत काहीतरी घसरत खाली गेलं. आवाज आला: "हं."

बजरंगनं मशीन खाली ठेवलं. मी वैज्ञानिक दृष्टिकोनाचा माणूस असल्यामुळे दाराबाहेर जाऊन उभा राहिलो.

त्यानं जागा बदलून पाहिली. जाड बोल्ट घातला, तर वीटच दुभंगली. प्रत्येक वेळी तो वास, तो आवाज.

"मिस्त्री आजोबांची परवानगी न्हाय," बजरंग म्हणाला. "म्या आता हात लावत न्हाय."

मैनुद्दीन आत गेला आणि आईच्या साड्या बॅगेत भरू लागला.

अख्तरबानू वॉकर टेकत न्हाणीत आल्या. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि आमटीत मीठ कमी पडल्याचं सांगावं तशा आवाजात बोलल्या, "अहो, तुमच्यासाठीच राहायचंय मला. आणि तुम्हीच हाकलताय होय?"

ठिबकणारा नळ थांबला. मग कुणी हात न लावता वरच्या भोकातून काळी धार सुरू झाली आणि त्यांच्या पावलावर सांडत राहिली.

बजरंगनं चिमूटभर उचलून चोळलं. "माती हाय ही. शिमिट न्हाय आत."

"अब्बांच्या भिंतीत?" मैनुद्दीन दारातून म्हणाला.

"सिमेंट लोकांच्या घरांना लागायचं," अख्तरबानू म्हणाल्या. "आपल्याला वरच्या गिलाव्यापुरतं उरलं असणार. म्हणून खिळा नको होता. मला इतकी वर्षं वाटलं, गर्व आहे माणसाला." त्या भिंतीकडे वळल्या. "सांगायचं की हो. मी काय दुसरं घर मागितलं असतं?"

त्यांनी हात काढला नाही. धार बंद झाली.

अशी भिंत आतून धरत नसेल तर बाहेरून धरायची, असं बजरंगनंच मग ठरवलं. त्यानं भोकं पलीकडच्या बोळापर्यंत आरपार नेली, बाहेर लोखंडी पट्टी लावली, लांब बोल्ट ओवले आणि नट आवळले. शेवटचा नट बसताना भिंत पुन्हा "हं" म्हणाली. या वेळी सूर वेगळा होता. काही कबूल करून टाकल्यावर निघतो तसा. बजरंगनं कानाला हात लावून पाना पिशवीत टाकला.

मैनुद्दीन दांड्याला लोंबकळला. दोन्ही पाय उचलले. दांडा हलला नाही. साड्या पुन्हा कपाटात गेल्या आणि तो एकटाच खराडीला परतला.

बोळाच्या बाजूला बोल्टांची टोकं बोटभर जास्त राहिली आहेत. दूधवाला त्यांना पिशवी अडकवतो.