शेवटच्या भट्टीची नानकटाई

आई चैत्रात गेली. त्यामुळे यंदा आमच्याकडे दिवाळीचा फराळ नव्हता. वर्ष सरेपर्यंत घरात कढई चढवायची नाही, कुणाला काही वाटायचं नाही, लोक आणून देतील ते खायचं, हे मला ठाऊक होतं. तरी वनमालाआत्याने कांजूरमार्गहून फोन करून दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी मैदा आणला.

कारण भांडुपच्या बेकरीवर पाटी लागली होती. आई तीस वर्षं जिथून नानकटाई भाजून आणायची, ती लाकडाची भट्टी दिवाळीनंतर पाडणार होते. विजेची आली की घरचं पीठ घेणार नव्हते. आईची नानकटाई तिच्या भट्टीतून काढायची, तर एवढंच वर्ष हातात होतं.

आमच्या घरी ओव्हन कधीच नव्हता. आई घरी पीठ मळायची, बेकरीच्या ट्रेमध्ये गोळे मांडायची. सकाळचे पाव निघून भट्टी निवली की भट्टीवाले मकसूदभाई बायकांचे ट्रे ओळीने आत सारायचे. ट्रे सगळे सारखेच, म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी चारोळी लावायचं, कुणी काट्याने रेघा ओढायचं. आई प्रत्येक गोळ्यावर बाबांच्या कापडगिरणीतल्या लाकडी बॉबिनचं टोक दाबायची. भाजताना तो गोल ठसा फुटून भेगा पडायच्या. भेग नाही ती नानकटाई नाही, असं तिचं म्हणणं.

तिने प्रमाण कधी लिहून ठेवलं नाही. मी मिळेल ते सगळं वाचून काढलं. वाचून येणारी गोष्ट असती, तर मला ती केव्हाच आली असती. शेजारच्या नेत्राच्या छोट्या ओव्हनमध्ये दोनदा करून पाहिली. पहिली पसरून पापड झाली. दुसरी गुळगुळीत राहिली, एकही भेग नाही. नेत्रा म्हणाली, चहाबरोबर चालेल की. मी ती डब्यात भरून कपाटात मागे ठेवली.

धनत्रयोदशीच्या सकाळी मी तिसऱ्यांदा परात घेतली आणि बेल वाजली. चकल्यांचा डबा घेऊन आत्या दारात. तिने परात पाहिली, मैदा पाहिला, मग बाबांकडे पाहिलं.

"दशरथा, ही काय करता, तुका म्हायत होता?"

बाबांनी पेपर खाली ठेवला नाही. मी सांगितलं की यात तळण नाही, कढई नाही. पीठ फक्त मळणार, आग बेकरीची.

"वकिली करू नको," आत्या म्हणाली. "वर्षाच्या आत गोडधोड म्हणजे गोडधोड."

मग पेपरामागून बाबा म्हणाले, "तिच्या आईची भट्टी पाडतायत, वनमाला. जाऊ दे तिला."

आत्या स्टुलावर बसली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. मी तूप गॅसवर पातळ करून घेतलं होतं, म्हणजे साखर लवकर मिसळेल. ते ओतायला लागले आणि आत्याच्याने राहवेना.

"ह्यां काय केलंस गो? पातळ तूप?"

तिने साडीचा पदर खोचला, हात धुतले आणि ते तूप बाजूला सारलं. बरणीतलं थिजलेलं रवाळ तूप परातीत काढायला लावलं, त्यात पिठीसाखर घातली आणि तळहाताने फेटायला लागली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, म्हणून परातीखाली बर्फाच्या पाण्याचं ताट. ती दमली की मी, मी दमले की ती. अर्ध्या तासाने तूप मलईसारखं पांढरं झालं. आत्याने वाटीभर पाण्यात त्याचा थेंब सोडला. तो बुडाला. तिने परात माझ्याकडे सरकवली. आणखी वीस मिनिटांनी सोडलेला थेंब तरंगला.

"मथुराचा हात माझ्यापेक्षा हलका होता," ती म्हणाली. आई गेल्यापासून आत्याने तिचं नाव माझ्यासमोर पहिल्यांदाच घेतलं.

मैदा मळून, गोळ्यांवर बॉबिन दाबून तीन वाजता आम्ही बेकरीपुढे रांगेत होतो. मागे सुलक्षणाकाकू, आमच्या जुन्या चाळीतल्या. त्यांनी माझ्या ट्रेवरचे ठसे ओळखले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, तुमच्याकडे यंदा काही करायचं नसतं ना गं?

मी तोंड उघडायच्या आत आत्या वळली. "कढई खंय आसा? दाखव माका. आग बेकरीची, ट्रे बेकरीचो. आम्ही नुसत्या उभ्या आहोत."

रांगेत हशा पिकला. सुलक्षणाकाकूही हसल्या.

मकसूदभाईंनी ट्रे घेतला, एक गोळा बोटाने दाबून पाहिला, मान हलवली आणि लांब लाकडी फळीवरून आत सारला. मी भट्टीच्या तोंडाकडे बघत राहिले. आधी वेलचीचा वास आला, मग भाजलेल्या तुपाचा. बारा मिनिटं होती म्हणतात, मला फार लांबली.

ट्रे बाहेर आला. प्रत्येक ठशावर भेगा होत्या. कडेच्या रांगेपासून मधल्यापर्यंत, एकही सुटली नव्हती. मकसूदभाईंनी रिवाजाप्रमाणे बेकरीसाठी दोन उचलल्या. एक तिथेच मोडून खाल्ली.

"बराबर है," ते म्हणाले. "मथुराताईची."

मी हसले. मोठ्याने, रस्त्यात, चैत्रानंतर पहिल्यांदाच. आत्याने मला गप्प केलं नाही.

वर्षाच्या आत वाटायचं नसतं. आम्ही वाटली नाहीच. सुलक्षणाकाकूंनी आपला हात घातला, मग त्यांच्या मागच्या बाईंनी, मग रांगच पुढे सरकली. आत्या प्रत्येकीला ओरडत होती, दशरथाला ठेवा गो, आणि ट्रे मात्र पुढे धरत होती. घरी पोचलो तेव्हा अकरा उरल्या होत्या. त्यांतल्या चार बाबांनी उभ्यानेच खाल्ल्या, आणि पाचवी घेताना विचारलं, चहा टाकतेस का?