डावीकडचा चेंडू

“हिच्यातच काहीतरी बिघडलंय,” रजनीताई पुटपुटल्या आणि त्यांनी माझ्या तारांवर नखाने टकटक केलं. नारळ घेताना वाजवून बघतात ना, तसं.

ही म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुनी टेनिसची रॅकेट आहे. वय वर्षे एकोणीस. अंगावरचा निळा रंग निम्मा उडालाय, उरलेल्यावर ओरखडे आहेत. मला कुठल्या कारखान्यात घडवलं, ते आठवत नाही. आठवतं ते पुण्यातलं दुकान, आणि मला हातात तोलून “हीच द्या” म्हणणाऱ्या रजनीताई. त्यांचे यजमान शरदराव म्हणाले होते, “साडीला दोन तास लावतेस आणि ही दोन मिनिटांत?”

पुढे बदली झाली आणि आम्ही कोलकात्याला आलो. रजनीताई खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सच्या अधिकारी. कागदावर लिहिलेला माल आणि पेटीतला माल एकच आहे का, हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. संध्याकाळी मात्र त्या माझ्या. सॉल्ट लेकमधल्या टेनिसच्या एका बंदिस्त हॉलमध्ये त्यांना विनीता भेटली. तिथल्याच एका कंपनीत नोकरी करणारी, बारा वर्षांनी लहान. अकरा वर्षं दोघी दुहेरीत एकत्र खेळल्या. समोरच्यांना कळू नये म्हणून कोर्टवर मराठीत ओरडायच्या. “तुमचा, ताई!” “घे गं तूच!”

तिथल्या स्पर्धेची एक रीत सांगते. अंतिम सामना सोडला तर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं आणि समोरच्यांनी मानायचं. जोडीतल्या दोघींचं एकमत झालं नाही, तर चेंडू आत धरून गुण समोरच्यांना द्यायचा. सगळा खेळ शब्दावर. रजनीताईंचा शब्द तर दगडावरची रेघ. दर वर्षी समोर उभी राहणारी मौसुमी म्हणायची, “रजनीदी बोलेछे, ब्यास.” रजनीदी बोलली, संपलं.

ते कौतुक मी मुठीपासून टोकापर्यंत ऐकलंय. म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

दोनेक वर्षांपूर्वी डावीकडून येणारा चेंडू माझ्या तारांवर बसेनासा झाला. कडेवर आदळायचा आणि माझ्या अंगातून सणक जायची. सगळ्यात आधी मला कळलं होतं. पण मला तोंड नाही, आणि ज्यांना होतं त्यांनी ते उघडलं नाही.

दोष माझ्यावर आला. माझ्या तारा बदलल्या, मुठीला नवी पट्टी गुंडाळली. मग शरदरावांनी नवी कोरी रॅकेट आणली आणि मी पिशवीच्या तळाशी गेले, घामट मोज्यांच्या शेजारी. नवीच्याही कडेवरच चेंडू आदळू लागले, तेव्हा हॉलचे दिवे मंद ठरले आणि मी पुन्हा वर आले. गाडीचा डावा आरसा दोनदा तुटला, तेव्हा पार्किंगचा खांब वाईट ठरला. “कोलकात्यात गाडी न घासता चालवणारा दाखव मला,” शरदराव हसून म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून गाडी तेच चालवू लागले.

डोळ्यांचं नाव कोणी काढलं नाही. रजनीताईंच्या आईंना काचबिंदू झाला होता. शेवटची सहा वर्षं त्या भिंत चाचपत चालल्या. त्या घरात तो शब्द पुन्हा उच्चारला गेला नाही.

विनीताही गप्प. “ताई, डावी बाजू मी घेते. माझा बॅकहँड सुधारायचाय,” एवढंच म्हणाली. तिचा बॅकहँड उत्तम होता.

आणि रजनीताई चेंडू बाहेर देऊ लागल्या. आतले चेंडू. मित्रांनो, त्या खोटं बोलत नव्हत्या. पांढरी रेषा त्यांना दिसायची, तिच्या अलीकडे पडलेला चेंडू दिसायचा नाही. जो दिसला नाही तो बाहेरच गेला, असं त्यांना मनापासून वाटायचं. मौसुमी सुरुवातीला मान डोलवायची. मग तिने मान डोलवणं बंद केलं. मग कपडे बदलायच्या खोलीत रजनीताई शिरल्या की बायकांचं बोलणं थांबू लागलं.

माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी विनवतात, की आम्हाला नीट ठेवा, फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. माझ्या तारा दर चार महिन्यांनी तपासल्या जात होत्या. तेवढी काळजी माणसाची घ्या. आणि निर्जीव वस्तूवर खापर फोडताना जरा थांबून विचारा, की आपण कोणाला वाचवतोय.

या हिवाळ्यातला उपांत्य सामना. शेवटचा सेट, एका गुणावर विजय. मौसुमीने विनीताच्या डोक्यावरून चेंडू उंच टाकला, डाव्या कोपऱ्यात. रजनीताई धावल्या. चेंडू रेषेच्या चार बोटं आत पडला. मी खाली लोंबत होते, मी पाहिला.

“आऊट,” रजनीताईंनी बोट वर केलं. म्हणजे आम्ही जिंकलो होतो.

मौसुमीची नवी जोडीदार बोलली, फार मोठ्याने नाही. “इनका तो हर बार आउट ही होता है. चोर कहीं की.”

मौसुमीने तिचा दंड धरला. “छेडे दाओ.” जाऊ दे. पण ते ऐकू गेलं होतं.

रजनीताईंची मूठ माझ्यावर इतकी आवळली, की नवी पट्टी सरकली. “मला म्हणाली ती?” त्या वळल्या. “विनीता, सांग गं तिला. सांग, बाहेर होता.”

बाकावर शरदरावांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

“आत होता, ताई,” विनीता म्हणाली.

“काय?”

“आत होता. मागचाही आत होता.”

“म्हणजे मी खोटं बोलते?”

“नाही.”

“मग या दिव्यांनी... आणि ही रॅकेट एक...” रजनीताईंनी मला वर धरलं.

विनीता जवळ आली, उजव्या बाजूने, आणि तिने मला त्यांच्या मुठीतून हळूच सोडवून घेतलं.

“दिवे बरे आहेत, ताई. रॅकेटही बरी आहे. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही.”