बिनखुणेची तलवार

दोन्ही तलवारी एकदम काट्यावर ठेवल्या तरी वजन एकाच तलवारीचं भरलं. अकराशे चौऱ्याऐंशी ग्रॅम. सुनीतीने एक उचलून टेबलावर ठेवली, तेव्हा आकडा निम्मा झाला. परत ठेवली, पुन्हा अकराशे चौऱ्याऐंशी.

तिने एक किलोचं प्रमाण वजन ठेवून काटा तपासला. काटा बरोबर होता. मग तिने कारखान्याची फरशी झाडली, कारण एवढं लोखंड गेलं असेल तर कुठेतरी सांडलेलं असणार. अकरा ग्रॅम कीस मिळाला.

कारखाना कऱ्हाडच्या पुढे, हायवेला लागून होता. जुन्या तलवारींच्या हुबेहूब नकला तिथे बनत आणि लाकडी पेट्यांतून हौशी संग्राहकांकडे जात. धातुशास्त्राची पदवी घेऊन सुनीती कुंभोजकर तिथे लागली, त्याला आता आठ महिने झाले होते. मूळ तलवार मोजायची, तिच्या पोलादाचा अंदाज बांधायचा आणि नकलेत काय कमीजास्त आहे ते सांगायचं, हे तिचं काम. पातं घडवायचे दौलूमामा लोहार. त्यांच्या आजोबांपासून कारखान्यात एक रीत होती. नक्कल पुरी झाली की मुठीखाली, सहज दिसणार नाही अशा जागी, पंचने एक ठिपका मारायचा. ती खूण. कामावर येणाऱ्या माणसानेही पहिल्याच दिवशी मनगटावर तसाच एक ठिपका गोंदून घ्यायचा.

"दिवसभर नकला करणाऱ्यानं स्वतःला खूण करून घ्यावी, ताई," दौलूमामा तेव्हा म्हणाले होते.

"आणि ती सुई कुणाकुणाला टोचलीय?" सुनीतीने विचारलं होतं. सगळे हसले होते. तिचं मनगट कोरंच राहिलं.

आताची तलवार रणनवऱ्यांच्या देवघरातली होती. धारेवर सात खाचा, पाठीवर गंजाचा नकाशा. जर्मनीतल्या एका संग्राहकाला तिची नक्कल हवी होती. नक्कल किती जवळ नेता येते, हे सुनीतीला एकदा पाहायचं होतं. सेंटिमीटर-सेंटिमीटरवर तिने मापं घेतली, खाचांची खोली घेतली, गंजसुद्धा मिठाच्या पाण्याने जागच्या जागी आणला. काल संध्याकाळी नवी तलवार मूळ तलवारीपेक्षा फक्त एक ग्रॅम जड होती. दौलूमामा पंच घेऊन आले, तेव्हा ती म्हणाली, "थांबा मामा, एवढा एक ग्रॅम उतरू दे. खूण उद्या मारू." आणि तिने बारीक पॉलिश पेपरने तो ग्रॅम उतरवला.

सकाळी वजन हे असं होतं.

"मूळची कुठली?" दौलूमामांनी विचारलं.

"डावीकडची."

"डावीकडं ठेवली कुणी?"

सुनीतीला आठवेना. मग त्यांनी उजवीकडच्या तलवारीच्या मुठीखाली पंच धरला आणि हातोडी मारली. ठिपका दोघींवर उमटला.

रणनवरे दुपारी आले. सत्तरीचे, पांढरा सदरा, हातात तलवार गुंडाळायला घरून आणलेला लाल खण. खंडेनवमी परवावर आली होती. दरवर्षी ते त्या दिवशी तलवारीची पूजा करत.

"झालं का आमच्या म्हातारीचं मापबीप? आटपा बाई, तिला न्हाऊ घालायचंय," ते म्हणाले.

"जरा बसा," दौलूमामा म्हणाले. "चहा घ्या. पेटी करतो."

सुनीती त्यांच्या मागोमाग आतल्या खोलीत गेली. "पेटी कशाला, मामा?"

"असं एकदा झालंय, माझ्या वडलांच्या वेळी. एक पेटीत घालायची. खिळे ठोकून पेटी बंद झाली की बाहेरचीला पुरं वजन येतं. मग तीच खरी."

"आणि पेटीतली?"

"तिला वजनच राहत न्हाई."

त्यांनी एक तलवार गवतावर ठेवली, फळी लावली, चारी कोपऱ्यांवर खिळे ठोकले. पेटी हलकी झाली. गवत आणि लाकूड, एवढंच वजन. बाहेरची तलवार सुनीतीने काट्यावर ठेवली. अकराशे चौऱ्याऐंशी. चौथ्या खिळ्याला तिच्या हातातच ती जड झाली होती.

रणनवऱ्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. खाचा मोजल्या.

"हीच ना आमची?"

"हो," सुनीती म्हणाली.

त्यांनी तलवार खणात गुंडाळली, छातीशी धरली आणि ते बसस्टॉपकडे गेले. खणाची गाठ दिसेनाशी होईपर्यंत ती पाहत राहिली. ठिपक्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी कारखान्याच्या पायऱ्या चढताना तिला फार हलकं वाटलं. झोप चांगली झाली असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. आत गेली तर तिच्या टेबलाशी सुनीती बसली होती आणि एका कट्यारीची रुंदी व्हर्नियरने मोजत होती.

"बावीस पॉइंट चार," ती वर न पाहता म्हणाली.

सुनीतीने कट्यार घेऊन मोजली. बावीस पॉइंट चार होती.

लोखंडाचे बार तोलायच्या मोठ्या काट्यावर दोघी उभ्या राहिल्या. एक्कावन्न किलो. एक उतरली, साडेपंचवीस. दोघींनी आकडा एकाच वहीत लिहायला पेन उचललं आणि दोघीही थांबल्या.

"तू किती वाजता आलीस?"

"आता. तू?"

"आता."

दौलूमामा दारात उभे होते. त्यांच्या काखेत लांब फळ्या होत्या.

"तरी म्हणत होतो, गोंदून घे," ते म्हणाले.

"आता गोंदा," दोघी म्हणाल्या.

त्यांनी सुई आणली. एका मनगटाला टोचलं, ठिपका दोन मनगटांवर आला. रक्ताचा थेंबही दोन्हीकडे, तेवढाच. मामांनी सुई पुसून डबीत ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. दोन्ही फोन. सांगलीहून आई.

"उद्या येतेस ना गं? कडाकण्या तळल्यात. तुझ्या वाट्याच्या वेगळ्या काढून ठेवल्यात, नाहीतर सुमीची पोरं एक ठेवायची नाहीत."

"येते," सुनीती म्हणाली.

"आवाज का असा येतोय? विहिरीतनं बोलल्यासारखा?"

"रेंज नाही," दुसरी म्हणाली.

"बरं. सकाळच्या एसटीनं ये. आणि जेवत जा गं, मागच्या वेळी किती हलकी वाटलीस मला."

फोन बंद झाले. सुनीतीला आईकडे जायचं होतं. पुढे काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं, पण उद्याच्या एसटीत आपणच बसायचं, एवढं ठरलं होतं. समोरच्या चेहऱ्यावरही तेच ठरलेलं तिला दिसत होतं.

दोघींनी एकमेकींना प्रश्न विचारले. सहावीतल्या बाकावर कोरलेलं नाव. बाबा गेले त्या दिवशी गॅसवर राहून गेलेलं दूध. उत्तरं प्रश्न संपायच्या आत येत होती. मग नाणं उडवलं. दोघींनी छापा म्हटलं. तीनदा.

"मामा," सुनीतीने विचारलं, "तुमच्या वडलांच्या वेळी पेटीत काय होतं?"

मामा फळीवर पेन्सिलने रेघ मारत होते. "वडील."

"कुठले?"

"ते कुणाला ठाऊक? घरी आले ते माझ्याशी नीट वागले." त्यांनी रेघ पुरी केली. "किती, साडेपाच फूट ना?"

"पाच चार," दोघी म्हणाल्या.

पेटी चांगली झाली. आत मऊ गवत, डोक्याकडे जरा जास्त. तलवारींच्या पेट्यांत असतं तसंच. मामांनी हातोडी फरशीवर ठेवली आणि ते बाहेर जाऊन पाठमोरे उभे राहिले. हातोडी दोघींच्या मधोमध होती. सुनीतीने नंतर तेही अंतर आठवून पाहिलं. दोन्हीकडून सारखंच असावं.

हातोडी तिच्या हातात होती.

दुसरीने चपला काढून त्या नीट जोडून ठेवल्या. पेटीत आडवी झाली, मनगटं पोटावर घेतली. सुनीतीने फळी लावली. पहिल्या खिळ्याला तिचे पाय फरशीवर घट्ट टेकले. दुसऱ्याला खांद्यांना वजन आलं, खरं, ओळखीचं वजन, आणि तिला रडू येईल इतकं बरं वाटलं. तिसऱ्या खिळ्याला गवताचा वास आला. मानेखाली काहीतरी टोचू लागलं. फळीच्या कडेला उजेडाची एक रेघ उरली होती, डोळ्यांच्या अगदी वर.

तिने चौथा खिळा धरला, हातोडी मारली आणि खिळ्याचं टोक लाकडातून खाली येताना पाहिलं.