शुभ्राचं नाक

शुभ्रा दारूच्या थेंबालाही शिवत नसे, पण नोकरी करायची दुबईतल्या एका मद्य आयात करणाऱ्या कंपनीत. आलेल्या मालाचे नमुने हुंगून दोष नोंदवायचे, हे तिचं काम. शहरातल्या करामा भागातल्या घरी सासूबाईंना, शोभनाताईंना, तिनं 'बेव्हरेज कंपनी' एवढंच सांगितलं होतं.

मार्चमध्ये स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या एका जुन्या डिस्टिलरीच्या मालकीणबाई, मॉरा, तीस वर्षं मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की हॉटेलवाल्यांना चाखवायला आल्या. त्यांच्या वडिलांनी ती स्वतः पिंपात भरली होती. ती कशी झाली हे बघायला ते राहिले नाहीत.

पाहुणे येण्याआधी शुभ्रानं ग्लास हुंगला आणि थबकली.

"दर्शन सर, ही ती नव्हे. सँपलला जुन्या लाकडाचा, सुक्या अंजिराचा वास होता. ही कोवळी आहे."

मॅनेजर वैतागला. "सील माझ्यासमोर उघडलंय, शुभ्रा. लोक येतायत, यल्ला, चल लवकर!"

ती सरळ मॉरांकडे गेली. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, मग बाटलीच्या काचेवरचा बारीक नंबर वाचला.

"ही बारा वर्षांची आहे. लेबल लावताना आमच्याकडूनच चूक झालीय."

त्यांनी पाहुण्यांची माफी मागून कार्यक्रम पुढे ढकलला. जाताना विचारलं, "तू हे कुठे शिकलीस?"

"कुठेच नाही. साताऱ्यात आई मसाले कांडून द्यायची. मिरची गेल्या वर्षीची आहे का, ते मी डोळे मिटून सांगायचे."

आठवड्यानं मॉरांचा मेल आला. पिंपं पारखायला शिकायचं, सहा महिने, तिकडे राहून.

आता घरी सांगणं भागच होतं. नवरा, सुदेश, म्हणाला, "मी बोलू का आईशी?" शुभ्रानं नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच स्वयंपाकघरात गेली.

"आई, माझी कंपनी दारूची आहे."

"माहितीये. तुझ्या ओढणीला वास येतो," मटार सोलता सोलता शोभनाताई म्हणाल्या. "पण तू सांगायची वाट बघत होते."

शुभ्राचे डोळे भरून आले. तिनं मॉरांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. शोभनाताईंचे हात थांबले.

"स्वतःला चाखायला मिळणार नाही, तरी भरून ठेवली?" मटारांचं ताट बाजूला सारून त्या म्हणाल्या, "जा तू. ओवीची शाळा मी बघते."

"मम्मा, कॅन आय व्हिजिट इन समर?" लेकीनं, ओवीनं, बाहेरूनच विचारलं.

मे महिन्यात शुभ्रा गेली. पहिल्या परीक्षेत तिनं अकरा पिंपं निवडली. नऊ मॉरांना पटली. उरलेल्या दोन पिंपांवरून दोघींचा वाद अजून चालू आहे.