छान म्हणाल तर चहा

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्या संध्याकाळी पाच माणसं, चार खुर्च्या, एक शिलाई मशीन आणि नऊ लिखाणं होती. विषय सगळ्यांना एकच, आनंदमेळा. पाच कविता, चार कथा. त्यांत आकाशपाळणे सात, हरवलेली मुलं चार आणि बाहेरून हसून आतून रडणारे जोकर सहा.

ही मोजदाद पाचांतल्या एकाच्या पुतणीची. ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि इथे सगळे तिला मोजपट्टी म्हणत. या लेखन मंडळाचा एकमेव नियमही तिचाच. 'छान' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. छानमधून लिहिणाऱ्याला काहीच कळत नाही, असं तिचं म्हणणं.

आज पहिल्यांदाच आलेला पाचवा माणूस म्हणजे तिचे काका. कुलुपांचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून ते घरात बसून होते. "यांना कुठेतरी घेऊन जा बाई," काकू म्हणाली होती, "घरातलं एकही कुलूप जागेवर ठेवलं नाही." काका मात्र महिनाभर गुपचूप कथा लिहीत होते. जिन्यात त्यांनी पुतणीला बजावलं, "एकदाच येतो. नाही जमलं, तर लिहिण्याचं पुन्हा नाव काढायचं नाही."

आधी दातांच्या डॉक्टरबाईंची कविता झाली.

"तुमचा जोकर तीन कडवी रडतोय," शिंपी म्हणाला. "कुठं दुखतंय, एकदा विचारा तरी त्याला."

"दाढ असेल," म्हणत बाईंनी स्वतःच दोन कडवी खोडली.

मग काका मशीनच्या स्टुलावर सरसावून बसले. सात पानं. सुरुवातच 'जीवनाचा पाळणा अविरत फिरत असतो' अशी. वाचून झालं तेव्हा कोणी कोणाकडे बघेना.

"छान," निवृत्त मास्तर म्हणाले.

"छानच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"छान जमलंय," म्हणत शिंपी उठला, आणि तिघंही एकदमच चहाला निघाले.

काकांना नियम ठाऊक होता. त्यांनी पानांची घडी घातली. "म्हणजे बोलण्यासारखं काही नाही."

चौथं 'छान' पुतणीच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून तिने विचारलं, "काका, पाळणा वर गेल्यावर तुमच्या नायकाला शहर मुंगीएवढं दिसतं. तुम्हाला काय दिसलं होतं?"

"मी कुठला बसतोय? मला गरगरतं. तुझी काकू बसली होती. मी खाली तिच्या चपला धरून उभा."

"चपला कशाला?"

"वरून पडतील म्हणून. नवं लग्न, नव्या चपला. दर फेरीला ती वरून ओरडायची, 'आहेत का?' की मी दोन्ही हात वर करून दाखवायचो. सगळी रांग माझ्याकडे बघत होती."

शिंपी किटली घेऊन दारातच थांबला होता. "आणि हे कथेत कुठं आहे?"

"हे काय लिहायचं? मला वाटलं, जीवनावर लिहावं लागतं."

"जीवन राहू दे काका," पुतणी म्हणाली. "चपला लिहा."

काकांनी घडी घातलेली पानं खिशात टाकली. जिना उतरताना मात्र, पुढची बैठक किती वाजता, असं विचारलं.

पुढच्या आठवड्यात ते दीड पान घेऊन आले. वाचून संपताच डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिसऱ्या फेरीला तुम्ही चुकून एकच चप्पल वर करता ना, तिथं वरून बघणाऱ्या काकूंचा चेहरा मला दिसला."

"शेवटची दोन वाक्यं काढा," मास्तर म्हणाले. "गोष्ट आधीच संपली आहे."

"एक काढतो. दुसरं हिच्या काकूला आवडलंय."

"काकूने वाचलं?" पुतणीने विचारलं. "काय म्हणाली?"

"चपला हिरव्या होत्या म्हणाली. मी तपकिरी लिहिल्या होत्या."

"हिरव्याच करा," शिंपी म्हणाला. "रांगेतून उठून दिसतील."

त्या दीड पानावर चाळीस मिनिटं बोलणं झालं. 'छान' शून्य वेळा. चहा झाला नाही.