आधी छताले विचारा

लालबर्र्याच्या राइस मिलचे मालक हेमराज यांना तांदळाचा दाणा दाताखाली घेतला की धान कुठल्या गावचं ते कळत असे, आणि म्हणून जगातली कुठलीही वस्तू आपल्याला पारखता येते अशी त्यांची समजूत झाली होती. पन्नाशीनंतर विमान चालवायला शिकलेला माणूस आधीच थोडा हवेत असतो. लायसन्स मिळून वर्ष झालं नाही तोच त्यांनी जुनं विमान घ्यायचं ठरवलं: एकच इंजिन, पण तीनशे दहा अश्वशक्तीचं. पंख फायबरचे, आणि संकटात अख्ख्या विमानाला अलगद खाली आणणारं पॅराशूट.

"ज्या गाडीले छत्री द्या लागते, ते गाडी घेताच काहून?" त्यांच्या बायकोने, मंजूबाईंनी, विचारलं होतं. तरी शेवटी त्या तयार झाल्या. पहिल्या फेरीत मी बसेन, म्हणाल्या. हेमराजांना विमानापेक्षा त्या होकाराचंच जास्त अप्रूप होतं.

विमान विकणाऱ्या कंपनीचा कुशल नावाचा तरुण वैमानिक ते उडवत बैहरजवळच्या हवाईपट्टीवर घेऊन आला. तपासणीसाठी हेमराजांनी आम्रपालीला बोलावलं होतं. ती नागपूरला विमानांच्या दुरुस्तीची इंजिनीअर, सुट्टीला भरवेलीला घरी आलेली. सोबत तिचे वडील डोमाजीही आले. चौतीस वर्षं मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली काढलेल्या माणसाला एकदा विमान जवळून बघायचं होतं, एवढंच.

"डोमाजी, तुमी गाडीतच बसा. ऊन आहे," हेमराज म्हणाले. बोलण्यात काळजी होती, आणि मधे मधे येऊ नका असंही होतं. डोमाजींना ते ऐकू गेलं नाही. खाणीतल्या ड्रिल मशीनने त्यांचे कान कधीच नेले होते.

आम्रपालीने अख्खी सकाळ तपासणीत घालवली. लॉगबुकं पानन् पान वाचली. सहाही सिलिंडरांचा दाब मोजला. तेलाचा फिल्टर कापून, उलगडून, त्यात धातूचा कीस आहे का ते उन्हात धरून पाहिलं. सगळं चोख. हेमराज मात्र पांढऱ्या रंगावरून हात फिरवत होते आणि मनातल्या मनात मंजूला शेजारच्या सीटवर बसवत होते.

शेवटी ती पाच रुपयांचं नाणं घेऊन पंख ठोकू लागली. फायबरचे थर आतून सुटले असतील तर तिथला आवाज बसका येतो. डाव्या पंखाच्या बुडाशी ती थांबली. पुन्हा ठोकलं. जनरेटर धडधडत होता, वारा होता. ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "इथं थोडा वेगळा वाटून राह्यला. पण आत आडवी पट्टी असली तरी आवाज बदलते. पक्कं नाही सांगू शकत."

"सेठजी, रायपुर की पार्टी भी तैयार है," कुशल घड्याळ बघत म्हणाला. "बारा बजे तक हाँ या ना बोल दीजिए."

हेमराजांच्या तोंडाशी हो आलं होतं. खरं तर अर्धं बाहेरही पडलं होतं. तेवढ्यात आम्रपालीच्या कपाळावरच्या आठ्या बघून डोमाजी पंखाशी आले. लेकीच्या हातातलं नाणं त्यांनी घेतलं, डावा तळवा पंखावर सपाट टेकवला, डोळे मिटले आणि उजव्या हाताने ठोकत ठोकत पुढे सरकू लागले. एक वीत. दोन वीत. मग थांबले.

"इथं पोलं आहे," ते म्हणाले. "आतून सुटलं आहे."

"डोमाजी, तुमाले तर ऐकूच नाही येत!" हेमराज वैतागून ओरडले.

"कानानं कोन ऐकते? खदानीत मशीन चालू असली का कोनालेच ऐकू नाही ये. एका हातानं लोखंडी सब्बल मारायची, दुसरा हात छताले लावायचा. छत ठोस असलं तर हाताले झटका लागते. पोलं असलं तर हात झिणझिणते." त्यांनी पंखावर अंगठ्याएवढी जागा दाखवली. "आधी छताले विचारा, मंग आत जा. इथून मी कोनाले आत नाही जाऊ देत."

कुशल हसला. आम्रपाली हसली नाही. वडिलांच्या बोटाशी तिने पेन्सिलीने गोल काढला आणि म्हणाली, "मशीननं तपासल्याबिगर मी हो म्हणणार नाही, शेठ."

हेमराज चिडले, तांबडे झाले, पण तोंडातलं अर्धं हो त्यांनी गिळलं.

नागपूरहून मशीन मागवून तपासणी झाली आणि बारा दिवसांनी अहवाल आला. त्या गोलाखाली तळहाताएवढ्या जागेत थर सुटले होते. कुठल्यातरी आधीच्या मालकाने पंखाला मार लागल्यावर दुरुस्ती केली होती आणि लॉगबुकात त्याची एक ओळही नव्हती. संध्याकाळी कुशलचा फोन आला. "सेठजी, मैं उसी में बैठकर आया था," तो म्हणाला. "चाचाजी को मेरा प्रणाम बोलिए."

दुसऱ्या दिवशी हेमराज मंजूबाईंना घेऊन भरवेलीला गेले, सोबत घरच्या चिन्नोर तांदळाचं पोतं. बावन्न वर्षांत खाणकामगारांच्या त्या वस्तीत ते पहिल्यांदाच येत होते, आणि डोमाजींचं घर विचारताना त्यांना त्याची लाज वाटली.

चहा झाला. आम्रपालीने सांगितलं, बाबांनी एकदा असंच सगळ्यांना खाणीतून बाहेर काढलं होतं. अर्ध्या तासाने छत कोसळलं. सतरा माणसं वाचली, आणि काम बंद पाडलं म्हणून साहेबाने बाबांची त्या दिवसाची हजेरी कापली.

"मंग? त्या सतरा जनाईनं काही म्हटलं नाही तुमाले?" मंजूबाईंनी मोठ्याने विचारलं.

"घाईत होते सगळे," डोमाजी म्हणाले. "घरी जायचं होतं त्याईले."

हेमराज उठले आणि डोमाजींच्या पायाशी वाकले. "काका, माही मंजू त्या विमानात बसणार होती."

म्हाताऱ्याने झटकन पाय मागे घेतले. "पाय नको. हात दे."

हेमराजांनी हात पुढे केला. डोमाजींनी तो धरला आणि त्यांना भिंतीशी नेलं, जिथे पाणी मुरून प्लास्टर सुटलं होतं. शेठजींचा तळवा भिंतीवर ठेवून त्यावर आपला खरबरीत तळवा दाबला आणि दुसऱ्या हाताने ठोकलं. "हे ठोस." मग वीतभर सरकून पुन्हा ठोकलं. "आन् हे?"

हेमराजांच्या हाताला बारीक झिणझिण्या आल्या. "पोलं, काका."

"बराबर. दुसरं पाहाले जाशीन तवा मले बोलावजो. पण आधी तू हात लावजो. मंजू पोरीले बसवणार आहेस तू त्यात."

हेमराजांनी मान हलवली. त्यांनी हात काढला नाही, डोमाजींनीही काढला नाही.